न चाखलेली आंबील

आंबील आंबवायला काही यावे लागत नाही. ज्वारीच्या कण्या आंबट ताकात भिजवून झाकून ठेवल्या की सकाळपर्यंत त्या आपल्या आपण आंबतात. कठीण काम त्याच्या पुढचे असते. शिजवलेली आंबील हवी तेवढ्याच आंबटपणावर पंगत बसेपर्यंत टिकवायची. उन्हाळ्यात आमच्याकडे रोज सकाळी आंबील व्हायची आणि बारापर्यंत संपायची, त्यामुळे तिथे टिकवण्याचा प्रश्न येत नसे. प्रश्न येई तो वर्षातून एकदाच, भादव्यात, महालक्ष्म्यांच्या दिवशी.

आमच्या भागात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला आंबील लागतेच. पुरणपोळी एखादी फाटली, सोळा भाज्यांतली एखादी कमी पडली तरी चालवून घेतात, पण आंबील नसेल तर पान वाढत नाहीत. आमच्या घराण्यात तिच्याबाबत आणखी तीन नियम होते. नैवेद्य दाखवेपर्यंत ती चाखायची नाही, हा पहिला. तो बहुतेक घरांत असतो. दुसरा, तिचा वाससुद्धा घ्यायचा नाही. वास घेतला म्हणजे अर्धे खाल्लेच, असे आमच्याकडच्या बायका मानत. त्यामुळे आंबील ढवळताना त्या पदर नाकावरून घेऊन मानेमागे गाठ मारत. लहानपणी मला ते पाहून खळ्यात धान्य उफणणाऱ्या गड्यांची आठवण यायची. तिसरा, एकदा चुलीवरून उतरवलेला नैवेद्य पुन्हा चुलीवर चढवायचा नाही.

हे तिन्ही नियम एकत्र ठेवून पाहिले तर अडचण लगेच लक्षात येते. आंबील किती आंबली हे कळायला जीभ आणि नाक ही दोनच साधने, आणि दोन्हींना बंदी. जास्त आंबू लागली तर उकळी देऊन थांबवणे हा एकच उपाय, त्यालाही बंदी. आमच्या गावी हे निभत असे, कारण तिथे नैवेद्य ठरल्या वेळी, दुपारी व्हायचा. आंबील सकाळी उतरवली की तीन-चार तासांत देवीपुढे जायची. तेवढ्या वेळात ती बिघडत नाही.

आमचे गाव संग्रामपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याला. महालक्ष्म्या माझ्या मोठ्या आईच्या घरी बसत. मोठी आई म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची, मोठ्या बाबांची बायको. आम्ही सगळे एकत्रच होतो, आणि लग्नानंतर माझी बायको त्या घरात बारा वर्षे राहिली. त्या बारा वर्षांत महालक्ष्म्यांच्या वेळी तिच्या वाट्याला ज्वारी कांडणे, पुरण वाटणे आणि भांडी घासणे ही कामे आली. आंबिलीच्या भांड्याला तिला एकदाही हात लावू दिला नाही. मोठी आई वाईट नव्हती. पण ते भांडे तिचे होते. माझी आई होती तोवर तिलाही त्याला हात लावू दिला नव्हता, हेही सांगितले पाहिजे.

पुढे मी मोताळ्याला एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, नोकरीला लागलो. येणाऱ्या कापसाच्या वजनाचा हिशेब ठेवायचे काम होते. महाराष्ट्राचे नवे राज्य होऊन थोडीच वर्षे झाली होती. जिनात किलोची वजने आली होती, पण बायका अजून पायली-शेरातच बोलत. मोताळ्याला तीन खोल्यांचे भाड्याचे घर घेतले. मोठ्या आईचे गुडघे त्या सुमारास धरले. तिला तीन मुली, तिन्ही आपापल्या घरी. चाळीस पानांचा स्वयंपाक तिच्याने होईना. तेव्हा आषाढात मी गावी गेलो असता ती मला म्हणाली, "या साली महालक्ष्म्या तुह्या घरी बसव. मुखवटे घेऊन जाय. पन हे फक्त या सालचं सांगतो. आंबील जमली तं राहू दे तिथंच. नाही जमली तं मी परत आनीन अन् रांगत रांगत करीन."

मी म्हणालो, "जमन तिले."

"तुले काय मालूम? तू खानारा," मोठी आई म्हणाली. "अन् निवदाची पहिली पळी माह्या हातची. मी आल्याशिवाय निवद नाही दाखवाचा, सांग तिले."

मी पितळी मुखवट्यांचा डबा मांडीवर घेऊन बसने मोताळ्याला आलो आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. बायकोने डबा दोन्ही हातांनी घेतला, उघडून पाहिला, पुन्हा बंद केला. म्हणाली, "बारा साल कांडलं. आता पाहू." त्यानंतर दोन महिने तिने हा विषय फारसा काढला नाही. पण श्रावणात आमच्या घरी तीन वेळा आंबील झाली. तिन्ही वेळा तिने नाकाला पदर बांधून केली आणि मला चाखायला लावली. पहिल्या वेळी बेचव, दुसऱ्या वेळी आंबट ढाण, तिसऱ्या वेळी बरोबर. दरवेळी मी काय सांगतो ते ती माझ्या तोंडाकडे पाहून ऐकायची.

प्रमाण मी काढून दिले. चाळीस माणसे, माणशी पाव लिटरची वाटी, म्हणजे दहा लिटर आंबील. एकास आठ धरले तर कण्या सव्वा किलो. ती म्हणाली, "अर्धी पायली घेतो. वाटीभर वर राहीन तं राहीन." मी वाद घातला नाही.

आवाहनाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोठी आई आणि मोठे बाबा पोचायचे होते, गावची वीसेक माणसे दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने. संध्याकाळी कोणी आले नाही. सातपुड्यात दोन दिवस पाऊस चालू असल्याचे ऐकत होतो. मोताळ्याला मात्र नुसते ढग आणि उकाडा. दोघे सकाळी सगळ्यांबरोबरच येतील असे धरून बायकोने ठरल्याप्रमाणे ताकात कण्या भिजवल्या. सकाळी त्या शिजवल्या. मीठ, जिरे, आले, खोबऱ्याचे काप घातले. पातेल्याला मी आठ दिवस आधी कल्हई लावून आणली होती, तरी आंबील पितळेत राहू द्यायची नाही म्हणून शिजल्याबरोबर ती एका मोठ्या मातीच्या डेऱ्यात ओतली. मागच्या खोलीत उत्तरेच्या भिंतीशी ओली वाळू पसरली होती, तिच्यात डेरा बसवला. तोंडाला ओले फडके बांधले.

बारा वाजले. सोळा भाज्या, पुरण, कढी, भजी सगळे तयार. गल्लीतली आणि जिनातली बोलावलेली माणसे यायला लागली. पूजा सांगणारे गुरुजी येऊन बसले. गावची गाडी आली नाही. मी बसस्टँडवर गेलो. तिथे नांदुऱ्याहून आलेल्या एका ड्रायव्हरने सांगितले, "पूर्णेच्या पुलावरून पानी चाललं. जळगाव जामोदच्या गाड्या तिकडच्या तिकडंच थांबल्या. उतरलं पानी तं येतील, नाही तं उद्या."

घरी येऊन मी हे सांगितले. बायको चुलीपाशी होती. तिने पळी खाली ठेवली आणि मागच्या खोलीत जाऊन डेऱ्याकडे पाहिले. फडके सोडले नाही, नुसते पाहिले.

"किती वेळ राहीन हे?" तिने विचारले.

मला नक्की आकडा सांगता येईना. शेजारच्या वहिनी मदतीला होत्या, त्या म्हणाल्या, "फडकं ओलं ठेवत राह्यलं तं संध्याकाळपर्यंत काही होत नाही हो."

मी म्हणालो की वैशाखात ओले फडके भांडे गार करते, कारण पाणी उडून जाते. भादव्यात हवाच ओली असते, पाणी उडत नाही. फडके नुसते ओले राहते. वहिनींनी माझ्याकडे पाहिले आणि बायकोला म्हणाल्या, "वहिनी, तुमचे हे घरी असेच बोलतात काय?"

"जिनातही असेच बोलतात," बायको म्हणाली.

वहिनींनी मग सुचवले की डेरा दोर बांधून विहिरीत सोडावा. अंगणात विहीर होती आणि पाणी गार होते. बायको म्हणाली, "अन् दगडावर आपटला तं? मंग विहिरीलेच निवद झाला म्हनाचं." तो विचार तिथेच संपला.

मी सकाळी एक गोष्ट करून ठेवली होती. डेऱ्यात ओतताना थोडी आंबील एका लोट्यात वेगळी काढली होती आणि तो लोटा डेऱ्याच्या शेजारीच वाळूत ठेवला होता. लोटा नैवेद्याचा नव्हता, तेव्हा तो चाखायला हरकत नव्हती. लोट्यातली जशी, तशी डेऱ्यातली, असे माझे गणित. दुपारी तीनच्या सुमारास मी लोट्याचे झाकण काढले तर वर फेस. बोट बुडवून चाटले. दात आंबले.

मी बायकोला बोलावून सांगितले. ती लोट्याकडे पाहत उभी राहिली. तिचा चेहरा उतरला, आणि मला वाटले की आता ती रडेल. ती रडली नाही. झाकण पुन्हा लोट्यावर ठेवून म्हणाली, "लोटा केवढा, डेरा केवढा. एवढुशी वस्तू लवकर तापते. हे त्याच्यावरून नाही सांगता येत."

"मंग कशावरून सांगता येईन?"

"कशावरूनच नाही," ती म्हणाली.

तिचे म्हणणे बरोबर असू शकते आणि नसूही शकते, एवढेच मला म्हणता आले. डेऱ्यात दहा लिटर होते, लोट्यात अर्धा. उष्णता सारख्या वेगाने शिरणार नाही हे उघड होते. पण फरक किती, हे कोण सांगणार? फडके सोडून नाक आत घातले असते तर क्षणात कळले असते. घरात तेव्हा पंधरा माणसे होती आणि सगळ्यांना नाके होती. कोणी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही.

चार वाजता पोरांना मुरमुरे दिले. जिनातले दोघे "नंतर येतो" म्हणून गेले. गुरुजी सकाळपासून उपाशी होते. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिले, मग म्हणाले, "वहिनी, देवी उपाशी, मी उपाशी. पोट भरून बसली ती एकटी पूर्णा नदी."

सगळे हसले. बायकोही हसली, पण लगेच तिने विचारले, "गुरुजी, निवद उद्या सकाळी दाखवला तं?"

"आजचा निवद आजच. दिवेलागणीच्या पुढे नेऊ नका. पण तुमच्या घराण्याचा रिवाज मोठ्या बाईंचा आहे म्हणता. तो मी मोडा म्हणणार नाही. तुमचं तुम्ही पाहा."

ती मग माझ्याकडे आली. आम्ही मागच्या दारात उभे होतो. तिच्यापुढे काय होते ते दोघांनाही ठाऊक होते. मोठ्या आईसाठी थांबावे तर डेऱ्यातली आंबील जाणार, आणि आंबील गेली म्हणजे मुखवटे गेले. न थांबावे तर पहिल्या पळीचा शब्द मोडला, मग आंबील कशीही असो, मुखवटे जाणारच. तिने विचारले, "तुमी काय म्हंता?"

"उतरवून आठ तास होत आले," मी म्हणालो.

"मी घड्याळ नाही इचारलं तुमाले."

मग मी म्हणालो, "मोठी आई रागावली तं मी बोलीन तिच्याशी."

"तुमी नका बोलू. बोलाचं तं मीच बोलीन." एवढे म्हणून ती आत गेली.

दिवे लागायच्या वेळी ती नवे लुगडे नेसली, तिने कपाळाला ताजे कुंकू लावले, नाकावर पदर बांधला आणि डेऱ्याचे फडके सोडले. पहिली पळी तिने स्वतः काढली. ती न सांडता देवीपुढच्या वाटीत ओतली. गुरुजींनी पाणी फिरवले, आरती झाली. खोलीत पुरण, उदबत्ती आणि आंबील यांचा एकत्र वास होता. त्यातून आंबिलीचा वेगळा काढणे मला जमले नाही. कदाचित मी जाणूनबुजून काढला नसेल.

आरती संपली. गुरुजी म्हणाले, "झाला नैवेद्य. आता प्रसाद." बायकोने नाकावरचा पदर सोडला, वाटीत थोडी आंबील घेतली आणि तिथेच, देवीपुढे उभ्या उभ्या प्यायली. सगळे तिच्याकडे पाहत होते. तिने वाटी माझ्या हातात दिली. मी प्यायलो.

आंबट होती, पण जिभेला लागणारी नव्हती. श्रावणातल्या तिसऱ्या वेळेपेक्षा थोडी पुढे गेलेली, एवढेच. आणखी दोन-तीन तास तशीच राहिली असती तर गेली असती असा माझा अंदाज आहे. पण तो अंदाजच.

पाने मांडायला घेतली. बायकोने वहिनींना वाढायला सांगितले आणि स्वतः डेऱ्यातली अर्धी आंबील पातेल्यात काढली. मी विचारले, "हे काय करून राह्यली?"

"निवद झाला ना आता," ती म्हणाली. "आता हे प्रसाद हाये. चाखता येते, चुलीवर चढवता येते. आत्तापर्यंत कशालेच हात लावता येत नव्हता."

तिने ती आंबील पुन्हा उकळली. ढवळत ढवळत चाखली, थोडी ज्वारीची पिठी लावून घट्ट केली, आंबट कमी वाटेपर्यंत चाखत राहिली. पाणी किंवा ताक घातले नाही. ते वाढताना घालायचे म्हणाली. पातळ केली की लवकर जाते. उकळलेली आंबील दोन लहान गाडग्यांत भरली, निवू दिली, आणि मगच झाकली. गरम असताना झाकले की झाकणाला पाणी सुटते आणि तेच आत पडून वस्तू बिघडते, हे मी त्या दिवशी नव्याने पाहिले. झोपायच्या आधी तिने दोन्ही गाडग्यांतली बोटभर चाखली. सकाळी उठून पुन्हा चाखली. एक गाडगे तिने पोरांना वाटून टाकले, ते थोडे पुढे गेले होते. दुसरे ठेवले.

सकाळी पूर्णेचे पाणी उतरले. मोठी आई आणि मोठे बाबा दहाच्या गाडीने आले. गावची बाकीची माणसे रात्रीच वाटेतून परत फिरली होती. दोघांनी रात्र जळगाव जामोदच्या स्टँडवर बाकावर काढली होती. मोठ्या आईच्या लुगड्याला गुडघ्यापर्यंत चिखल होता. ती उंबऱ्यातच उभी राहिली. पाय धुवायला पाणी दिले तर तांब्या हातात घेतला नाही.

"निवद झाला?"

"हाव बाई," माझी बायको म्हणाली. "काल दिवेलागनीले."

"पहिली पळी कोनाच्या हातची?"

"माह्या."

मोठे बाबा घसा खाकरून मला म्हणाले, "बापू, बिडी हाये काय बे?" मी बिडी ओढत नाही हे त्यांना पक्के माहीत होते. मी त्यांना अंगणात घेऊन गेलो नाही, कारण मला तिथून हलायचे नव्हते.

मोठी आई म्हणाली, "मंग मी काय पाहाले आली? चिखल पाहाले?"

"थांबली असती तं आंबील नासली असती," बायको म्हणाली. "नासलेली तुमच्या हातानं देवीले दाखवाची होती काय? तुमाले मुखवटे न्याचे असतील तं न्या बाई. पन पाय धुवा, अन् पहिले हे घ्या."

मोठ्या आईने पाय धुतले, आत येऊन भिंतीला टेकून बसली. बायकोने गाडग्यातली आंबील वाटीत घेतली, थोडे ताजे ताक घालून सारखी केली आणि समोर ठेवली. मोठ्या आईने सवयीने पदर नाकाकडे नेला. मग तिच्या लक्षात आले की आता त्याची गरज नाही, आणि तिने तो खाली सोडला. वाटी उचलून आधी वास घेतला. बराच वेळ घेतला. मग प्यायली.

"कालचीच हे?"

"कालचीच."

"अन् आंबली नाही?"

"निवद झाल्यावर चाखली. जात होती. मंग उकळली."

मोठी आई म्हणाली, "मी जलमभर नाक बांधून आंबील केली. निवद झाला का पानावर वाढून मोकळी. उरली तं गाईले. चाखून, उकळून ठेवता येते, हे काही डोक्यात आलं नाही माह्या. एका साली इतकी आंबट झाली का तुहा मोठा सासरा म्हने, जेवनाले नको, मुखवटे घासाले ठेव."

"म्हनलं होतं," मोठे बाबा बाहेरून म्हणाले. "खोटं नाही थे."

"तुमाले इचारलं कोनी?" मोठ्या आईने वाटी पुढे केली. बायकोने पुन्हा भरली. दुसरी वाटी अर्धी झाल्यावर मोठी आई म्हणाली, "मीठ कमी हाये."

"थोडं कमीच टाकलं होतं."

"कमी नाही टाकाचं. अन् पुढच्या साली मी दोन दिस आधी येईन. नदीचा भरोसा नाही. पहिली पळी माह्या हातची म्हनजे माह्या हातची. पन आलीच नाही तं थांबू नको."

बायको वाटी घासायला घेऊन मागे गेली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ घासत राहिली.

दुपारी विसर्जन झाले. मुखवटे उतरवून, पुसून, मऊ कापडात गुंडाळून डब्यात ठेवले. मी डबा कुठे ठेवायचा म्हणून उभा होतो. मोठी आई गुडघ्यावर हात ठेवून उठली, मागच्या खोलीत गेली आणि उत्तरेच्या भिंतीवर तळहात फिरवून पाहिला.

"या भितीले ओल हाये," ती म्हणाली. "इथं ठेवले तं पितळ काळं पडीन. त्या बाजूले फळी लाव. खिळे हायेत काय तुह्या घरी, का नुसते आकडेच?"

खिळे होते. मी स्टुलावर चढून फळी ठोकू लागलो. मोठी आई खाली उभी राहून डावीकडे घे, आणखी घे, असे सांगत होती, आणि बायको डबा दोन्ही हातांत धरून फळी लागायची वाट पाहत होती.